रस्त्याचं गाऱ्हाणं

“ह्या रस्त्यार पाणी कधीच येना नाय, मॅडम,” सरपंच सुलोचना तारी म्हणाल्या आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या गावाने एकसाथ माना डोलावल्या.

आम्ही त्याच रस्त्याच्या मधोमध उभे होतो. खाडीतलं एक छोटं बेट, त्याचं नाव खैरजुवा. तिकडे खाडीतल्या बेटाला जुवाच म्हणतात. त्याला पलीकडच्या नाक्याशी जोडणारा हा एवढा एकच रस्ता. दगडांचा भराव, त्यावर डांबर, मध्ये एक मोरी. ओहोटी होती, त्यामुळे खाडी दोन्ही बाजूंना खूप खाली, शहाण्या मुलीसारखी बसली होती. रस्त्याच्या कडेच्या दगडांना ताजा चुना फासलेला होता.

“भर श्रावणात चुना?” मी विचारलं.

“गणपती जवळ इले ना,” सुलोचनाबाई म्हणाल्या. “घरां रंगवतंव, तसो रस्तो पण रंगवलो.”

चुना दगडांवर ठरावीक उंचीपर्यंतच होता, भरतीच्या पाण्याचा काळा डाग जिथवर चढतो नेमका तिथवर. वरचे दगड कोरडे आणि तसेच सोडलेले. मी मान डोलावली, छान दिसतोय म्हणाले आणि जीपमध्ये बसले. मनात मात्र मला हसू फुटत होतं.

त्या वर्षी माझ्याकडे काम होतं ते असं: समुद्राची पातळी वाढते आहे, उधाणं मोठी होत चालली आहेत, तर किनाऱ्यावरचे आणि बेटांवरचे रस्ते, पूल, धक्के पुढच्या तीस-चाळीस वर्षांत कितपत टिकतील ते पाहायचं आणि प्रत्येकाला एक रंग द्यायचा. हिरवा म्हणजे काळजी नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. लाल म्हणजे आधी इथे काम करा. मी कवठेमहांकाळची, दुष्काळी भागातली. लहानपणी पाणी पाहिलं ते टँकरच्या नळीतून येणारं, त्यामुळे हिने समुद्राचं भाकीत करावं म्हणजे कमालच, असं ऑफिसात सगळे चिडवायचे. चिडवू देत. मला माझं काम येत होतं आणि ते येतं हे मला माहीत होतं.

इतर गावांत मी गेले की लोक लाल रंगासाठी जीव टाकायचे. एका धक्क्यावर तर दोन बायकांनी माझ्यासमोर चक्क रडून दाखवलं होतं आणि मी पाठ वळवल्यावर पदराआड हसल्याही होत्या. लाल मिळाला की पैसा येतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि हे एकच गाव असं, की सगळं उत्तम आहे म्हणून सांगत होतं. माझी भेट त्यांनी तीनदा पुढे ढकलली होती. एकदा देवळात पूजा, एकदा सरपंच आजारी, एकदा आणखी काहीतरी. प्रत्येक वेळी त्यांनी सुचवलेली तारीख अष्टमीच्या आसपासची, म्हणजे ज्या दिवसांत भरती सगळ्यात मवाळ असते तेव्हाची. माझ्या टेबलावरही पंचांग होतं. मी त्यांना न विचारता अमावास्येच्या आदल्या दिवसाची तारीख कळवली आणि दोन रात्री मुक्कामाला येते म्हणून सांगितलं. नाही म्हणायला त्यांना तोंड उरलं नाही.

ते लपवत होते, यात मला शंका नव्हती. का लपवत होते, तेवढं कळत नव्हतं.

जीप मला सोडून परत गेली. मुक्काम सुलोचनाबाईंच्याच घरी होता. त्या पन्नाशीच्या, अंगाने काटक, बोलायला धारदार. घरात त्या आणि त्यांची धाकटी मुलगी समिता. समिता तालुक्याला नर्सिंगच्या कॉलेजात जायची. पहाटे सुटणाऱ्या एस.टी.ने जायचं, संध्याकाळच्या एस.टी.ने यायचं. तीच गाडी दुपारीही एक फेरी करायची आणि रात्री जुव्यातच मुक्कामाला असायची. वस्तीची गाडी. ड्रायव्हर-कंडक्टर देवळाच्या ओसरीवर झोपायचे आणि पाळीपाळीने घरोघर जेवायचे.

त्या संध्याकाळी मात्र समिता चालत आली. पायांना चिखल, हातात चपला.

“गाडी नाही आली?” मी विचारलं.

समिताने आईकडे पाहिलं. आईने तव्याकडे पाहिलं.

“बिघडली,” समिता म्हणाली.

अजून उजेड होता. मी जरा पाय मोकळे करून येते म्हणाले आणि सरळ रस्ता ओलांडून नाक्यावर गेले. तिथे वडाखाली एस.टी. उभी होती. तिच्या शेजारी गावातल्या दोन्ही रिक्षा, दूधवाल्याचा टेम्पो आणि मोटरसायकलींची एक लांबलचक रांग. जत्रेला आल्यासारख्या सगळ्या गाड्या नाक्यावर आल्या होत्या. जुव्यात एक सायकलही राहिली नसावी.

ड्रायव्हर गाडीच्या पायरीवर बसून तंबाखू मळत होता. ज्योतिराम खराडे, जतकडचा. बोलीवरून आम्ही एकमेकांना दोन वाक्यांत ओळखलं.

“गाडी इथं का लावली?”

“इंजन गरम झालंय, मॅडम.”

मी बॉनेटवर हात ठेवला. चांगलं गार होतं.

“आणि ह्या सगळ्या मोटरसायकलींचीही इंजिनं गरम झालीत?”

ज्योतिराम हसला, मग गंभीर झाला. “मॅडम, तुमी आपल्याकडच्या. मला लबाड बोलाय लावू नका. मी ह्यांच्यात जेवतो.”

“मग खरं सांगा.”

“आवस-पुनवंला गाडी हितं लावायची. रातीला आन दुपारला रस्त्यावर पाणी चढतंय. उतरलं की गाडी आत. बाकी दिवस काय धोका न्हाय. सगळं गाव तसंच करतंय, कुणी कुणाला सांगावं लागत न्हाय. माझ्या गाडीच्या चाकाला खारं पाणी लागू दिलं न्हाय मी आजवर.”

“मग मला का सांगत नाहीत?”

त्याने तंबाखू तोंडात टाकली. “ते बाईंनाच इचारा. माझं ह्यातलं एक आक्षर त्येंच्या कानावर जाऊ देऊ नका. देवळात बोली झालीया.”

मी परत आले, सुरमईचं तिखलं पोटभर जेवले आणि रस्त्याविषयी चकार शब्द काढला नाही. सुलोचनाबाई मला आग्रहाने वाढत होत्या. लाच म्हणावी इतका आग्रह होता, पण तिखलं इतकं सुरेख की मी ती खुशाल खाल्ली.

दुसऱ्या दिवशी, अमावास्येच्या दुपारी, मी भरतीच्या आधीच रस्त्यावर जाऊन उभी राहिले. थोड्या वेळाने सुलोचनाबाई छत्री घेऊन आल्या. ऊन लागेल, घरी चला, कोकम सरबत करून ठेवलंय, असं त्यांनी एकदा सांगून पाहिलं. मी हलले नाही. मग त्याही माझ्याशेजारी उभ्या राहिल्या.

पाणी आवाज न करता आलं. आधी मोरीपाशी डांबरावर एक चकाकती पट्टी दिसली, मग ती पसरत आमच्याकडे आली, चुना लावलेले दगड एकेक करून बुडाले आणि बघता बघता माझे घोटे पाण्यात गेले. रस्ता कुठे आणि खाडी कुठे ते कळेना. सुलोचनाबाईंनी साडी थोडी वर धरली होती आणि त्या समोर बघत होत्या.

“सरपंचबाई,” मी म्हणाले, “ह्याला कुणी गप्प राहायला सांगितलं नव्हतं वाटतं.”

त्या हसल्या नाहीत.

“आता तुम्ही लाल लिवतलास,” त्या म्हणाल्या.

“लिहावाच लागेल. माझ्या हिशोबाने अजून पंधरा-वीस वर्षांत हे पाणी जवळजवळ रोज येईल. लाल लिहिला की हा रस्ता उंच होईल. मग तुम्हाला नको का?”

“शेलजुवो बघलास?”

शेलजुवा म्हणजे खाडीच्या वरच्या अंगाचं बेट. मी नकाशावर पाहिलं होतं. आता तिथे वस्ती नव्हती, म्हणून माझ्या यादीत नव्हतं.

“थंय पण रस्तो होतो. असोच. असोच एक सायेब इलो, लोकांनी सगळा खरा सांगितला, सायबान लाल लिवल्यान. दुसऱ्या म्हयन्यात नाक्यार पाटी लागली. रस्तो धोकादायक, जड वाहनांस बंदी. गाडी बंद. काम होयसर बंद, म्हणाले. काम काय झाला नाय. पयली पोरांची शाळा सुटली, मगे शाळाच बंद झाली, मगे लोकां गेली. माझा म्हायार थंय.” त्यांनी साडी अजून थोडी वर धरली. “आज थंय माझ्या बापाशीच्या घरात वडाचा झाड इला हा.”

पाणी माझ्या पोटऱ्यांपर्यंत आलं होतं.

“माझा मोठा चेडू, समिताची मोठी भयण, धावीत पयला इला होता,” त्या म्हणाल्या. “तेव्हा आमच्याकडे रस्तो नव्हतो नि गाडी पण नव्हती. होडीन जावचा, मगे चलत. पावसाळ्यात दोन म्हयने घरात बसला आणि तेच्या बापाशीन लगीन लावन टाकल्यान. माझ्यासमोर अजून बोलना नाय नीट. मगे मी ह्या गाडीसाठी किती जोडे झिजवले तां माझा माका म्हायत. समिताचा शेवटचा वर्स आसा. तिच्यामागे आजून किती चेडवां आसत. गाडी बंद झाली, तर त्यांची लग्नां लागतली, मॅडम. दुसरा काय होवचा नाय. म्हणान आमी देवाकडे बोली केली. पाण्याचा बाहेरच्याक कोणी सांगूचा नाय.”

त्यांचा आवाज कुठेही कापला नाही. मला मात्र राग आला, त्या पाटीचा. कारण नियम मला माहीत होता आणि तो त्या म्हणत होत्या तसाच होता. लाल रंग दिला की काम होईपर्यंत जड वाहनं बंद. काम कधी होईल, ते नियमात कुठेच नव्हतं. हिरवा किंवा पिवळा लिहिणं मला जमणार नव्हतं. आज ज्योतिराम होता म्हणून ठीक, उद्या दुसरा कोणी नवखा ड्रायव्हर अमावास्येला त्या पाण्यात गाडी घालेल आणि तिच्यात ह्याच मुली असतील.

पाणी उतरायला लागलं तरी आम्ही तिथेच होतो. तेवढ्या वेळात माझं डोकं कामाला लागलं. त्या नियमावलीत शेवटी एक कलम होतं, कुणीच कधी वापरलं नव्हतं असं. गावाने स्वतःहून पाळलेली वाहतुकीची काही पद्धत असेल आणि ती ग्रामसभेने मांडली, तर सरसकट बंदीऐवजी त्या पद्धतीने वाहतूक चालू ठेवता येईल. ते कलम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काय होतं कोण जाणे, पण माझ्या डोळ्यांसमोर वडाखालची ती मोटरसायकलींची रांग आली. ह्या गावाकडे पद्धत होती. पंचांगावर चालणारी, एकदाही न चुकलेली. फक्त ती त्यांनी तोंडाने सांगायला हवी होती.

मी सुलोचनाबाईंना हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी एकेक शब्द नीट ऐकला.

“खरा आसा,” त्या म्हणाल्या. “पण कोण सांगूचा नाय. बोली झाली हा. देवाची बोली कोण मोडतलो?”

“बोली काय आहे? नेमकी?”

“बाहेरच्याक सांगूचा नाय.”

“मग मला सांगू नका,” मी म्हणाले. “देवाला सांगा. मी बाजूला उभी राहीन. माझ्या कानावर पडलं तर त्यात तुमचा काय दोष?”

सुलोचनाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग आदल्या दिवसापासून पहिल्यांदाच त्या मनापासून हसल्या. “घाटावरची माणसां म्हणजे,” त्या म्हणाल्या आणि पाण्यातून चालायला लागल्या.

दिवेलागणीला अख्खा गाव देवळात जमला. गाऱ्हाणं घालायचा मान दाजी मेस्तांचा. वय ऐंशीच्या पुढे, पण आवाज असा की खाडीपलीकडे ऐकू जावा. तिकडे कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. दाजी देवाला सांगणार आणि प्रत्येक वाक्याला गाव हुंकार भरणार. मी खांबाला टेकून, वही उघडून, अगदी परक्यासारखी उभी राहिले.

“बा देवा म्हाराजा,” दाजींनी सुरुवात केली, “तुझ्यासमोर आमी बोली केली. पाण्याचा बाहेरच्याक सांगूचा नाय. ती आमी पाळली.”

“होय म्हाराजा.”

“आज बाहेरच्याक नाय, तुका सांगतंव. अमावाशेक नि पुनवेक आमच्या रस्त्यार खाडी येता.”

“होय म्हाराजा.”

“आदी एक दीस येय, आता तीन-तीन दीस येता. माझ्या ल्हानपणी ह्या जाग्यार आमी पावसाळ्यात गोरवां चारीत होतंव.”

“होय म्हाराजा.”

“आदल्या रातीक आमी गाडये भायर काढतंव. पाणी उतारला की आत आणतंव. आजपर्यंत कोणाचा वायट झाला नाय. तुझीच राखण.”

“होय म्हाराजा.”

“दाजीनू, मोरीचा सांगा,” मागून एक बाई म्हणाली. “मोरी खचली आसा.”

“माझी म्हस पडली होती, तां पण सांगा,” दुसरं कोणी म्हणालं.

एकदा तोंडं उघडल्यावर कुणाला आवरेना. कोणत्या वळणावर पाणी आधी चढतं, दक्षिणेचा वारा असला की किती जास्त चढतं, कोणत्या बाजूचे दगड सुटलेत, सगळं दाजींच्या तोंडून देवापुढे गेलं आणि तिथून माझ्या वहीत आलं. माझे हात दुखले. इतकं नेमकं मला लाल रंगासाठी रडणाऱ्या गावांनीही कधी सांगितलं नव्हतं. ज्योतिरामही दारात उभा होता आणि सगळ्यांत मोठ्याने होय म्हाराजा म्हणत होता.

शेवटी दाजी थांबले. त्यांनी नारळ उचलला, आणि तो वाढवण्याआधी ते माझ्याकडे वळले.

“बाय, तुमचा पण होऊन जाऊंदे.”

“माझं काय?”

“तुमी काय करतलास तां हंय सांगा,” सुलोचनाबाई म्हणाल्या. “कागदार काय लिवतलास तां आमका दिसना नाय. शेलजुव्याक पण दिसला नव्हता.”

मी देवाला हात जोडणाऱ्यांतली नव्हते, आजही नाही. अहवाल लिहायचा, सही करायची, पुढचं गाव गाठायचं, अशी माझी रीत. पण सगळं गाव माझ्याकडे बघत होतं आणि पहिल्या रांगेत समिता आणि तिच्याएवढ्या पाच-सहा मुली बसल्या होत्या. मी वही मिटली.

“मी लाल लिहिणार,” मी म्हणाले.

कुणीही हुंकार भरला नाही.

“आणि गाडी बंद पडू देणार नाही. रस्ता उंच होईपर्यंत ह्या कामातून अंग काढून घेणार नाही.”

दुसरं वाक्य बोलायचं मी ठरवलं नव्हतं. ते आपोआप आलं आणि एकदा आल्यावर परत घेता येईना.

“होय म्हाराजा,” सगळा गाव म्हणाला. दाजींनी नारळ वाढवला.

इतक्या वर्षांत माझ्या सहीने मला कधी घाबरवलं नव्हतं. त्या संध्याकाळी त्या दोन शब्दांनी घाबरवलं.

पुढचं सांगायला सोपं आहे, करायला सोपं नव्हतं. मी लाल लिहिला आणि त्याला ग्रामसभेचा ठराव जोडला. ठरावावर सगळ्यांनी हसत सह्या केल्या, कारण देवाला सांगून झाल्यावर लपवायचं कुणापासून? तरी वरच्या साहेबांनी बंदीची पाटी तयार करायला टाकलीच. मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि ते कलम वाचून दाखवलं. ते म्हणाले, असं आजवर कुणी केलेलं नाही. मी म्हणाले, मग आपण पहिले. महिनाभर मी त्यांना रोज भेटले. महिन्याने नाक्यावर पाटी लागली, ती अशी: अमावास्या-पौर्णिमेच्या दिवसांत भरतीच्या वेळी रस्ता बंद, इतर वेळी वाहतूक सुरू. वस्तीची गाडी एकही फेरी न चुकवता चालू राहिली. समिता त्या वर्षी परीक्षेला बसली आणि पास झाली.

कामाचा पैसा मात्र येईना. माझं कंत्राट संपलं, मी दुसऱ्या जिल्ह्यात गेले. तेव्हापासून दर अमावास्येला दुपारी सुलोचनाबाईंचा फोन यायला लागला. तक्रार नाही, आठवण नाही, काही नाही. “मॅडम, पाणी इला. मोरीच्या वर हातभर आसा. गाडी नाक्यार आसा,” एवढं सांगून त्या फोन ठेवायच्या. मी मीटिंगमध्ये असो, प्रवासात असो, फोन घ्यायचे, आणि तो ठेवल्यावर मुंबईला कुणाला तरी लावायचे. रस्त्याचं काय झालं? फाईल कुठे आहे? मी त्या माणसांना इतका वैताग दिला की एकाने मला विचारलं, त्या बेटावर तुमची जमीन आहे का?

तिसऱ्या पावसाळ्यानंतर काम सुरू झालं आणि पुढच्या पावसाळ्याआधी पुरं झालं. रस्ता कमरेएवढा उंच केला, मोरीच्या जागी पाच रुंद गाळे काढले, म्हणजे खाडीला जायला वाट राहिली. मी दोनदा जाऊन बघून आले. उत्तम काम होतं, आणि त्यात माझा वाटा आहे हे सांगायला मला मुळीच संकोच वाटत नाही.

मग श्रावणातली अमावास्या आली. उंच रस्त्यावरचं पहिलं मोठं उधाण. मी दुपारपासून फोन समोर ठेवून बसले. भरतीची वेळ झाली, टळून गेली. फोन वाजला नाही. चार वाजले. भराव खचला असेल, गाळे तुंबले असतील, नको नको ते मनात आलं. शेवटी मीच फोन लावला.

“सुलोचनाबाई, काय झालं?”

“कित्याक? काय झाला?” त्यांनी उलट विचारलं. मागून भांड्यांचा आवाज येत होता. “गाडी दारात आसा. ज्योतिराम जेवता हा.”

“अहो, मग फोन का केला नाहीत?”

“पाणी खालीच रवला, बाय,” त्या म्हणाल्या. “सांगण्यासारखा काय नव्हता, म्हणान करूक नाय.”